कात्रीमावशीची कवळी

माझ्या मावशीला अख्खी गल्ली कात्री म्हणते, आणि हे नाव आपल्याला धंद्यावरून मिळालं असा तिचा स्वतःचा समज आहे. आम्ही तो मोडत नाही. ती कपडे शिवते, हे खरं. एक कात्री नाडीने गळ्यात बांधलेली, दुसरी मशीनच्या खणात आणि तिसरी कायमची हरवलेली, हेही खरं. पण बाही लांब झाली म्हणून तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला विचारा, नाव कशावरून पडलं ते. "बाही बरोबर आहे, तुमचा हात आखूड आहे," असं ती तोंडावर सांगते आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने बाही आखूड करून देते.

एवढ्या कात्र्या असूनही दोरा मात्र ती दातानेच तोडायची. वरच्या पुढच्या दातांना त्याची बारीक खाच पडली होती. ती खाच ती लोकांना कौतुकाने दाखवायची. टाचण्या ओठांत, दोरा दातांत, आणि या सगळ्यातून वाट काढत तोंडाचा पट्टा चालूच. रस्त्याकडच्या खोलीत तिचं दुकान. खिडकीशी मशीन, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा, आणि मशीनच्या बरोबर समोर तिच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची खुर्ची. मी वरच्या खोलीत राहते आणि प्रवासी कंपनीत लोकांची तिकिटं काढते. मी तिकिटांचे नियम वाचते म्हणून घरातल्यांना वाटतं की मला जगातले सगळे नियम पाठ आहेत.

मावशीचे दात किती तरी दिवस कुरकुरत होते. हिरड्या सुजायच्या, ती लवंग धरायची, आणि मी दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलायची. तिचं गणित ठरलेलं होतं: सरकारी दवाखान्यात दात फक्त उपटतात, आणि बाकी सगळं खासगीत, जे आपल्याला परवडत नाही. हे तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. एखादी गोष्ट ऐकून न घेता ठाम माहीत असणं हे आमच्या घराण्याचं वैशिष्ट्य आहे.

मग एकदा शाळेच्या दप्तराचा पट्टा शिवताना तिने मेणवलेला जाड दोरा तोडायला तोंडात धरला. दोरा तसाच राहिला, दात तुटला. दवाखान्यात गेल्यावर कळलं की त्याचे शेजारीही नावालाच उभे आहेत. वरचे उरलेसुरले सगळे दात काढावे लागले. खालचे बचावले. मावशी घरी आली ती तोंडावर हात ठेवून, आणि तो हात पुढे कितीतरी आठवडे खाली आला नाही.

गिऱ्हाइकांशी ती हाताआडून बोलायला लागली. बोलणं निम्म्यावर आलं. बाही लांब झाली म्हणणाऱ्याला ती फक्त मान हलवून "हो" म्हणाली, तेव्हा तो बिचारा घाबरून मला विचारायला आला, की मावशींची तब्येत बरी आहे ना. मला हसू आलं होतं. काकांनी विचारलं तेव्हा ते गेलं.

काका आयुष्यभर बाटल्यांच्या कारखान्यात होते. काचेच्या खणखणाटात त्यांचे कान गेले, पण हे ते कबूल करत नाहीत. घरात मावशीचं सगळं त्यांना बरोबर कळायचं, त्यामुळे आम्हीही खोलात गेलो नव्हतो. एका सकाळी ते मला जिन्यात थांबवून म्हणाले, "तुझी मावशी माझ्यावर कशावरून रागावलीय?"

"रागावली? नाही हो, काका."

"बोलत नाही माझ्याशी."

"बोलते की! आत्ता सकाळपासून बोलतेच आहे."

"मला हात दिसतो," काका म्हणाले. "तोंड दिसत नाही."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात कुणी कुणाचं ऐकायचंच नाही, ऐकू येणं शक्यच नसायचं. बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी ओठांनी बोलायचा. "तिचं तर मला सगळं कळतं," काका म्हणाले, "फक्त पाठमोरी नको." एवढं बोलून ते रस्ता ओलांडून समोरच्या घड्याळजीच्या बंद दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. हल्ली ते तिथेच बसायचे. मला भरून आलं, आणि मला भरून आलं की राग येतो.

तसाच तो राग घेऊन मी दुकानात गेले आणि मावशीला सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

"मला वाटायचं, माझा आवाज खणखणीत आहे म्हणून त्यांना ऐकू येतं," ती हाताआडून म्हणाली.

"मग आता हात काढ ना तोंडावरचा."

"आणि हे बोळकं दाखवू त्यांना?"

"दाखव की. नवरा आहे तुझा."

"नवरा आहे म्हणूनच," मावशी म्हणाली. मग तिने सांगितलं, की एकदा तिने आरशापुढे हात काढून बोलून बघितलं होतं. ओठ आत गेलेत, शब्दच वेगळे दिसतात. तिने कापडावर खुणा करायच्या खडूने कागदावर 'जेवायला या' असंही लिहून दाखवलं होतं. काका आले, जेवले आणि न बोलता पुन्हा बाकावर गेले. "एकदा त्या बाकाची सवय लागली ना, की माणूस घरात पाहुण्यासारखा येतो," ती म्हणाली. "मला दात आण. कुठून आणायचे ते तू बघ."

आता दात काही मी तिकीट खिडकीवर काढून देणार नव्हते. पण तिचा चेहरा बघून मी हो म्हणाले.

पहिला सापडला तो विमावाला. तो पँट आखूड करायला आला होता आणि बोलता बोलता त्याने दातांच्या विम्याचं नाव काढलं. मी लगेच बाह्या सरसावल्या. विमा विकणाऱ्याला उलटसुलट प्रश्न विचारायची मला फार हौस आहे. पण या माणसाने माझी पार निराशा केली, कारण तो सगळं खरं सांगायला लागला.

"गेलेल्या दातांचं काही मिळणार नाही, मावशी. विमा घेतल्यानंतर जो दात जाईल, त्याचंच."

"म्हणजे आधी विमा घ्यायचा आणि मग दात पाडायचे?"

"पाडायचे नाहीत, पडले तर. आणि मोठ्या कामाला वर्षभर थांबायला लागतं. सफाई आणि फिलिंग लगेच. रूट कॅनाल, कॅप, कवळी वर्षानंतर. शिवाय वर्षाची एक मर्यादा असते. त्यावर बिल गेलं की तुमचं तुम्ही."

"मग मला तुमचा उपयोग काय?"

"तुम्हाला आज काही नाही," विमावाला पँटची घडी घालत म्हणाला. "तुमच्या वयाला सरकारी योजनेतून कवळी मिळते, तिथे विचारा. माझा उपयोग खरं म्हणजे ह्यांना आहे." आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मावशीचा सरकारी योजनेवर विश्वास बसेना. "तिथे दात देतात होय? तिथे दात घेतात!" मी फोन लावला. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली आणि अर्ध्या तासाने तिनेच तो बंद केला. दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत, दातओठ खात, थेट कार्यालयात जाऊन उभी राहिले.

खिडकीमागच्या बाई चष्म्यावरून बघत, पाठ केल्यासारखं बोलत होत्या, पण त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली आणि तिनेच आम्ही वाचलो. ज्येष्ठांसाठी कवळीची तरतूद आहे. काही वर्षांतून एकदाच मिळते. पहिले काही महिने टोचली, रुतली तर दुरुस्ती फुकट. शेजारच्या दातांवर पुलासारखे टेकवायचे किंवा हाडात बसवायचे पक्के दात योजनेत नाहीत. "पण आधी मंजुरी, मग दात," त्या म्हणाल्या. "आधी करून आणलेत आणि मग बिल दाखवलंत, तर एक पैसा मिळणार नाही. आणि डॉक्टर योजनेच्या यादीतलाच पाहिजे." मी त्याच संध्याकाळची एका चकचकीत दवाखान्याची वेळ घेऊन ठेवली होती, बिल नंतर दाखवू म्हणून. बाहेर येऊन आधी ती रद्द केली.

हिरड्या भरायला वेळ गेला, मंजुरी यायला वेळ गेला. मग मात्र मावशी त्या कामात अशी रमली, की विचारू नका. योजनेच्या डॉक्टरीण बाईंनी आधी मऊ मसाल्यात हिरडीचं माप घेतलं, मग मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायला दिले. "ट्रायल घेतात!" मावशी मला कौतुकाने म्हणाली. "आधी कच्ची शिलाई, मग पक्की. बाई कामाची आहे." दातांचा रंग निवडायला तिने कोटाला बटणं निवडावीत तसा वेळ लावला. फार पांढरे तिने नाकारले. "माझ्या वयाला शोभत नाहीत."

कवळी बसली त्या संध्याकाळी मावशी दुकानात आली आणि हात खाली करून, जेवायला आलेल्या काकांकडे बघून म्हणाली, "चष्मा कुठे ठेवलात?" काकांनी चष्मा कपाळावर असल्याचं दाखवलं. एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून ते बाक सोडून पुन्हा खुर्चीत बसायला लागले, आणि मावशीने त्यांना साठवून ठेवलेलं सगळं ऐकवलं. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणी शिलाई बुडवली, दूधवाला कसा लबाड आहे. काका सफरचंदाच्या फोडी करून तिला देत होते, आणि ती खात खात बोलत होती. मला वाटलं, झालं एकदाचं.

पण कवळी एका बाजूला टोचत होती. डॉक्टरीण बाईंनी बजावलं होतं की टोचणारच, या, मी घासून देईन, स्वतः हात लावू नका. पुढची वेळ आठवड्याने होती. दुसऱ्या एखाद्या बाईने आठवडा काढला असता. मावशीचं तसं नाही. तिच्या दुकानात रुतणारी कॉलर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. आपल्या तोंडात रुतणारी वस्तू आठवडाभर ठेवायची आणि दुसऱ्याकडे दुरुस्तीला न्यायची, हा तिला धंद्याचा अपमान वाटला. तिने बटणं घासायची बारीक कानस काढली, आरसा खिडकीत टेकवला, आणि टोचणारी कड घासली. थोडं बरं वाटलं. मग दुसरी बाजू सारखी दिसावी म्हणून तीही घासली. मग पॉलिश पेपर मारला.

ही गोष्ट मला कळली ती अशी. बँकेतले एक साहेब नवा कोट घालून पडद्यापुढे उभे होते आणि मावशी मागून खांद्याची शिवण बघत होती. "हात वर करा," ती म्हणाली, आणि तिचे वरचे सगळे दात साहेबांच्या कॉलरमधून कोटाच्या आत गेले. साहेब ओरडले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. ते फक्त म्हणाले, "मावशी, कोटात काहीतरी चावतंय."

मी पोट धरून हसले. मग मावशीकडे बघितलं आणि हसू गिळलं. तिचा हात तोंडावर गेला होता.

त्यानंतर कवळी काही केल्या टिकेना. बोलायला तोंड उघडलं की खाली. मावशी पुन्हा गप्प झाली. दोन दिवस काका खुर्चीत बसून तिच्या हाताकडे बघत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बाकावर. मी तिच्यावर इतकी चिडले की विचारता सोय नाही.

"हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना तुला!"

"अगं, परत आलेला कोट मी कधी दुसऱ्याकडे पाठवलाय का?"

"हा कोट नाही!"

"ते आता कळलं," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. तिला मी कधी रडताना बघितलं नव्हतं. कार्यालयातल्या बाईंनी मला सांगितलेला नियम मला आठवत होता: नवी कवळी काही वर्षांनी, आणि स्वतः बिघडवली तर योजना जबाबदार नाही. विम्याचं तर दारच बंद. मी मावशीला दवाखान्यात नेलं खरं, पण वाटेत बसमध्ये तिला पढवत नेलं. "आपोआप सैल झाली, असं म्हण. बाकी काही बोलू नकोस."

डॉक्टरीण बाईंनी कवळी दिव्याखाली धरली. "कोणी घासली ही?"

"मी," मावशी म्हणाली. "आधी कानसीने, मग पेपरने." माझी दातखीळ बसली.

बाईंनी कडेवरून बोट फिरवलं. "गुळगुळीत छान केलीत हो. पण कवळी याच कडेवर टिकते. ही कड हिरडीला लागून हवा आत जाऊ देत नाही, म्हणून ती वर चिकटते. तुम्ही तीच काढलीत."

"मग आता?"

"आता ऐका. दात काढल्यावर हिरड्या कितीतरी महिने आत बसत जातात. तुम्ही हात लावला नसता, तरी हिला आतून नवा थर द्यावा लागणारच होता. तो योजनेत वेगळा मिळतो, त्याची मंजुरी मी मागते. कड वाढवायचा खर्च मात्र तुमचा. आणि मंजुरी मागताना जे झालंय ते मी खरं लिहिणार."

"लिहा," मावशी म्हणाली. "अस्तर त्यांचं, काठ माझा. बरोबर आहे." माझा जीव भांड्यात पडला. बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर माझ्या जबड्याकडे गेली. "आणि तुम्ही? झोपेत दात खाता का? कडा झिजल्यात."

मावशीने माझ्याकडे असं बघितलं, की हाताआडूनसुद्धा तिचं बोलणं मला समजलं. जगाला योजना समजावत फिरणारी मी, स्वतःचे दात दाखवायला कधी गेले नव्हते. माझं वय सरकारी योजनेत बसत नाही, आणि माझे सगळे दात अजून जागेवर आहेत. म्हणजे तो विमावाला ज्या माणसाला शोधत होता, ती मीच. त्या आठवड्यात मी त्याला गाठलं. त्याने थांबायचा काळ, वर्षाची मर्यादा, सगळं पुन्हा सांगितलं. मी या वेळी ऐकलं, आणि सही केली. तरी एक कलम त्याच्याकडून मुद्दाम दोनदा वाचून घेतलं. हौस ती हौस.

मंजुरी आली. कड वाढवायचे पैसे मावशीने गल्ल्यातून काढून दिले आणि पावती घेतली. कवळी कामाला गेली ते दिवस फार वाईट गेले. काका सकाळी बाकावर जायचे ते दिवे लागले तरी तिथेच. मावशी मशीनवरून मान वर करून रस्त्याकडे बघायची आणि पुन्हा शिवायला लागायची. एकदा ती मला म्हणाली, "त्यांना खरंच सवय लागली असेल तर?" मी काहीतरी चेष्टेत बोलले. पण भीती मलाही वाटत होती.

कवळी मिळाली त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून घरी आलो. वाटभर मावशी जिभेने कवळी चाचपत होती. मला वाटलं, पुन्हा टोचतेय की काय. समोर बाकावर काका बसले होते, हातात छत्री, नजर जमिनीवर. मधून रस्ता वाहत होता: मालाचे ट्रक, सायकली, शाळेतून सुटलेली पोरं.

"मी बोलावून आणते," मी म्हणाले.

"थांब," मावशी म्हणाली.

ती दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. तिने हाक मारली नाही. त्या गोंगाटात हाकेचा उपयोगही नव्हता. ती नुसती उभी राहिली, हात खाली सोडून, काकांची मान वर होईपर्यंत. एक ट्रक गेला, दुसरा गेला. मग काकांनी वर बघितलं.

मावशीने आवाज न काढता ओठ हलवले. शेजारी उभी असून मला काही ऐकू आलं नाही, पण तिच्या तोंडाकडे बघून मलाही कळलं. "अहो, घरी या."

काका उठले. छत्री बाकावरच विसरले आणि रस्ता ओलांडायला लागले. ते मध्यावर आले असतील, तोच मावशीला राहवलं नाही. तिने तशाच मुक्या ओठांनी त्यांना झापलं, "इतके दिवस तिथे बसून काय करत होतात?"

कान गेलेल्या माणसाला स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. काका भर रस्त्यात उभे राहून एवढ्या मोठ्याने बोलले, की सायकलवाल्याने ब्रेक दाबला आणि पोरं वळून बघायला लागली.

"तू बोलायची वाट बघत होतो!"

मावशीचं तोंड लाल झालं. तिचा हात सवयीने वर यायला निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि मग तोच हात पुढे करून तिने त्यांना पायरी चढायला दिला.